गेम प्रोड्युसर आणि टीम लीड यांचा गट कसा उभा करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही गेम प्रोड्युसर आणि टीम लीड महिन्यातून एकदा बसतो. गटाला नाव नाही, लोगो नाही. तरीही मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूहून, अगदी कॅनडात गेलेल्या मराठी मंडळींकडूनही "आमच्याकडे असं सुरू करायचंय, कसं करू?" ही विचारणा येत राहते. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. कायद्याचा विषय जिथे येतो तिथे शेवटचा शब्द वकिलाचा, आमचा नाही.

१. प्रोड्युसर म्हणजे पैसे लावणारा ना? त्यांचा कसला आलाय गट?

हा घोळ सिनेमामुळे होतो. निर्माता म्हटलं की घर गहाण टाकून चित्रपट काढणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. गेमचा प्रोड्युसर बहुतेक वेळा पगारी नोकर असतो आणि त्याच्या खिशातला एक रुपयाही गेममध्ये नसतो. शब्द मात्र करमणुकीच्या धंद्यातूनच उचललेला आहे. ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली. गेम बनवणाऱ्याला कलावंत मानायचं आणि त्याच्या पाठीशी राहून गेम बाहेर काढणाऱ्याला प्रोड्युसर म्हणायचं, ही पद्धत तिथून रुळली.

रोजचं काम सांगायचं तर: कोण काय करतंय, ते कधी होणार, न झाल्यास काय कापायचं, आणि हे पब्लिशरला, म्हणजे गेमला पैसे देऊन तो बाजारात आणणाऱ्या कंपनीला, कोणत्या शब्दांत कळवायचं. आर्ट लीड, प्रोग्रॅमिंग लीड, क्यूए (गेमची चाचणी करणाऱ्या टीमचा) लीड यांची अर्धी डोकेदुखी हीच असते, म्हणून ते आमच्यातच बसतात.

२. गेम डेव्हलपर्सच्या परिषदा आहेतच की. वेगळं कशाला?

आहेत, आणि जायलाच हवं. आयजीडीसी, म्हणजे पूर्वीची नॅसकॉमची गेम डेव्हलपर परिषद, जी बरीच वर्षं हैदराबादला भरत आली, आमच्यातले बरेच जण चुकवत नाहीत. पण तिथे मंचावर जे सांगितलं जातं ते कंपनीच्या मंजुरीने सांगितलं जातं. स्लाइड आधी कायदा विभागाकडे जाते, मग मार्केटिंगकडे, आणि शेवटी उरतं ते "संवाद महत्त्वाचा".

प्रोग्रॅमर अडला तर शेजारच्या खुर्चीला विचारतो. आर्टिस्ट अडला तर लीडला दाखवतो. प्रोड्युसर अडला तर? प्रोजेक्टवर तो एकटाच असतो. टीमला सांगावं तर टीम घाबरते, वर सांगावं तर वरचे घाबरतात, घरी सांगावं तर घरचे विचारतात, "अजून गेमच बनवतोयस का?" त्याला दुसऱ्या स्टुडिओतला, तसाच अडलेला माणूस हवा असतो. आमचा गट तेवढ्यासाठी आहे. ओळखी वाढवायला, नोकरी शोधायला, गुंतवणूकदार गाठायला बाकीच्या जागा आहेत.

३. सुरुवातीला किती माणसं लागतात?

पाच. सहावा आला तर उत्तम. जगातली सगळ्यात मोठी गेम डेव्हलपर्स परिषद, जीडीसी, १९८८ मध्ये सॅन होजेला ख्रिस क्रॉफर्ड यांच्या घरच्या दिवाणखान्यात भरली तेव्हा जेमतेम सत्तावीस डोकी होती. तुम्हाला तर दिवाणखानाही भरायचा नाही, एक टेबल भरायचंय.

बाराच्या वर गेलात की बोलणारे तीन आणि ऐकणारे नऊ होतात. आमच्याकडे एकदा बावीस जण आले. सगळ्यांना फार आनंद झाला आणि कुणीही मनातलं काही बोललं नाही. त्यानंतर आम्ही दोन टेबलं केली.

४. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही?

आमची कसोटी एकच: "तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाचा आठवडा बदलतो का?" पदाचं नाव आम्ही बघत नाही, कारण एका स्टुडिओतला असोसिएट प्रोड्युसर दुसरीकडे प्रोजेक्ट मॅनेजर असतो आणि तिसरीकडे "जरा हे बघशील का" असतो. चार जणांच्या इंडी (स्वतंत्रपणे गेम काढणाऱ्या) टीमचा संस्थापक, जो स्वतःच प्रोड्युसरही आहे, तो येतो. क्यूए लीड हमखास हवेत. गेमची खरी अवस्था त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

एचआर आणि रिक्रूटर यांना नाही. माणसं वाईट म्हणून नव्हे. ते खोलीत आले की बाकीचे मुलाखत दिल्यासारखे बोलू लागतात. विद्यार्थ्यांनाही नाही. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा वेगळी दुपार ठेवा, त्यात आनंद आहे, पण तो कार्यक्रम वेगळा.

५. बैठकीत करायचं तरी काय? गप्पा मारून पांगायचं का?

पहिले चार महिने आम्ही तेच केलं आणि चौथ्या महिन्यात तिघंच उरले. मग एकीने भिशीची कल्पना काढली.

एक स्टीलचा डबा आहे, झाकणाला पोचा आलेला. त्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. बैठक संपताना एक चिठ्ठी निघते आणि पुढच्या महिन्याची भिशी त्याची लागते. पैशांऐवजी त्याला सगळ्यांचा एक तास मिळतो. त्याने आपला सध्याचा, जिवंत प्रश्न आणायचा. गेल्या वर्षीचा सुटलेला प्रश्न चालत नाही, कारण मग ते भाषण होतं. लागलेली चिठ्ठी बाजूला पडते, सगळ्यांची पाळी होईपर्यंत डब्यात परत जात नाही.

तासाची विभागणी अशी: दहा मिनिटं त्याने सांगायचं. वीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. हा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण लीड माणसाला सल्ला न देता वीस मिनिटं बसवणं म्हणजे मांजराला दुधापुढे बसवणं. मग वीस मिनिटं सल्ला, तोही "मी असं केलं होतं" या रूपातच. "तू असं कर" म्हणणाऱ्याला चहाचं बिल. शेवटची दहा मिनिटं ज्याची भिशी त्याची: सोमवारी सकाळी मी नक्की काय करणार, हे त्याने बोलून दाखवायचं.

एक उदाहरण, ओळख पटणार नाही इतकं बदलून. एक जण आला. बीटाला (गेमच्या चाचणीसाठीच्या जवळपास पूर्ण आवृत्तीला) चार आठवडे बाकी, प्रोग्रॅमिंग लीडने राजीनामा दिलेला, आणि पब्लिशरला हे अजून कळवलेलं नाही. प्रश्न होता: कधी कळवू? वीस मिनिटांच्या फेरीत कुणीतरी सहज विचारलं, "उरलेल्या कामाचे अंदाज कुणी दिले होते?" तो थांबला. सगळे अंदाज त्या जाणाऱ्या माणसाचेच होते, आणि मनाने जायचं ठरवल्यानंतर दिलेले. म्हणजे अडचण पत्राची नव्हतीच, तारीखच खोटी होती. सोमवारी त्याने आधी उरलेल्या टीमबरोबर बसून अंदाज नव्याने काढले आणि पब्लिशरला त्यानंतर पत्र लिहिलं. हा प्रश्न त्याला त्याच्या ऑफिसात कुणी विचारला नसता, कारण तिथे त्या अंदाजांवर सगळ्यांचीच सही होती.

६. कुठे आणि कधी भेटावं?

ऑफिसात नको. स्टुडिओ मीटिंग रूम फुकट देतो, पण भिंतीवर त्याच्या गेमची पोस्टरं असतात आणि दारावर कार्ड स्वाइप होतं. दोन्हींनी तोंडं बंद होतात. आम्ही बाणेर-बालेवाडीकडे एका साध्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर बसतो. वरच्या मजल्याची अट महत्त्वाची आहे. खालच्या मजल्यावर शेजारच्या टेबलावर दुसऱ्या स्टुडिओचा माणूस बसलेला असण्याची शक्यता पुण्यात बरीच आहे.

वेळ ठरवताना धंद्याचं घड्याळ बघा. माँट्रियलचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. लॉस एंजेलिसचे दहा म्हणजे रात्रीचे साडेदहा, नाहीतर साडेअकरा. आठवड्यातली कुठलीच संध्याकाळ कॉलशिवायची नसते. त्यातून अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले काही आठवडे कुणाचंच कॅलेंडर जुळत नाही. म्हणून शनिवार, दुपारी चार. महिन्याचा दुसरा शनिवार, वर्षभर तोच. तारीख दर महिन्याला मतदानाने ठरवू लागलात की गट संपला असं समजा.

एकच अपवाद: गणपतीचे दिवस. पुण्यात विसर्जनाच्या आसपास रस्त्यावर गाडी काढणं शहाणपणाचं नाही, आणि नेमके तेव्हाच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रिलीजचे बिल्ड (गेमच्या तयार प्रती) सर्टिफिकेशनला, म्हणजे कन्सोल कंपन्यांच्या तपासणीला, गेलेले असतात. त्या महिन्यात आम्ही सुट्टी घेतो.

७. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे नाही का?

बैठकीची आठवण करायला पुरे. बाकी त्यावर गुड मॉर्निंग येतं आणि स्क्रीनशॉट निघतो. कुठल्याही स्टुडिओचं, गेमचं किंवा माणसाचं नाव तिथे लिहायचं नाही, हा आमचा नियम. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

८. आम्ही सगळ्यांनी एनडीए (गोपनीयतेचे करार) सह्या केल्यात. बोलायचं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. पुण्यातलं बरंचसं काम बाहेरच्या पब्लिशरसाठी किंवा परदेशी मुख्य स्टुडिओबरोबर वाटून केलेलं असतं. गेमचं नावसुद्धा सांकेतिक असतं.

चॅटम हाउस नियम अनेकांनी ऐकलेला असतो: लंडनच्या त्या संस्थेत १९२७ पासून चालत आलेली प्रथा, की ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचं होतं ते सांगू नका. आमच्या धंद्यात हा नियम अपुरा पडतो. "सत्तर जणांची टीम, ओपन वर्ल्ड, स्विचचं पोर्ट" एवढं म्हटलं की पुण्यातला कुणीही स्टुडिओचं नाव सांगेल. नाव झाकून उपयोग नाही, कारण इथे गोष्टीवरूनच माणूस ओळखू येतो.

म्हणून आम्ही तीन थर केले आहेत. माणसांबद्दल आणि पद्धतींबद्दल मोकळेपणाने बोला: अंदाज कसे काढता, लीडला नकार कसा देता, रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (झालेल्या कामाच्या आढाव्यात) कुणी बोलतच नाही तेव्हा काय करता. हे कुठल्याही एनडीएत सहसा येत नाही. गेमबद्दल फक्त प्रसिद्ध झालेलं बोला. आणि तारखा, आकडे, करार, न जाहीर झालेला प्लॅटफॉर्म, सोनी-मायक्रोसॉफ्ट-निंटेंडोच्या सर्टिफिकेशनच्या अटींचा मजकूर: अजिबात नाही. टीआरसी किंवा लॉटचेकमध्ये, म्हणजे सोनी किंवा निंटेंडोच्या त्या तपासणीत, नापास झाल्यावर टीमला कसं सावरलंत हे सांगा, कुठल्या कलमावर नापास झालात हे नको.

एक नाजूक उदाहरण सगळ्यांच्या ओठांवर असतं. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या रीमेकचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, २०२० मध्ये त्याची घोषणा झाली, आणि २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलवलं गेलं. एवढं जगजाहीर आहे आणि त्यावर चर्चा करता येते: काम हलतं तेव्हा मागे राहिलेल्या टीमचं काय करायचं, हा सगळ्यांच्याच कामाचा विषय आहे. पण त्या टीमवर असलेला कुणी समोर बसला असेल तर त्याला "खरं काय झालं रे?" विचारायचं नाही. तो उत्तर देऊ शकत नाही. आणि न दिलेलं उत्तरही लोक उत्तर म्हणूनच ऐकतात.

९. माझा बॉसही त्याच गटात आला तर?

एकाच स्टुडिओतली, एकमेकांना रिपोर्ट करणारी दोन माणसं एका टेबलावर नकोत. दोन टेबलं असतील तर वेगळी बसवा. एकच असेल तर आधी आलेला राहतो, मग तो ज्युनियर का असेना. एका स्टुडिओ हेडला आम्ही असं परत पाठवलं. तो रागावला नाही. महिन्याभराने त्याने आपल्यासारख्याच हेड लोकांचं वेगळं टेबल सुरू केलं.

१०. नवीन लीड झालेल्याचा त्यात काय फायदा?

खरं तर गट त्याच्यासाठीच आहे. आपल्याकडे चांगल्या आर्टिस्टला बक्षीस म्हणून लीड करतात, आणि एका दिवसात तो ज्या कामात तरबेज होता ते काम काढून घेतलं जातं. आमच्यातली एक आर्ट लीड झाली तेव्हा तीन महिने रात्री घरी बसून टीमचे मॉडेल स्वतः दुरुस्त करत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "काल ज्याच्याबरोबर टपरीवर उभी होते त्याला आज 'परत कर' कसं म्हणू?"

तिला कुठल्या कोर्सने मदत केली नसती. टेबलावरच्या दुसऱ्या एका लीडने एवढंच सांगितलं, की तो पहिल्या आठवड्यातच टीमला म्हणाला होता: "टपरीवर मी तोच आहे. रिव्ह्यूला मी गेमच्या बाजूने बसणार." जागा बदलली की भूमिका बदलते, हे माणसं मान्य करतात. अट एकच, ते आधी सांगावं लागतं.

याला जोडून: आमच्या टेबलावर सर-मॅडम नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्यालाही अरे-तुरे, किंवा फार तर दादा-ताई. एकदा "सर" सुरू झालं की त्या सरांचं मत हाच निर्णय होतो.

११. भाषा कुठली?

सुरुवात इंग्रजीत होते, वाद हिंदीत होतो, आणि खरी अडचण मातृभाषेत बाहेर पडते. टेबलावर तमिळ, बंगाली मंडळी असतात, तेव्हा मराठीचा हट्ट नको. पण कुणी मध्येच मराठीत घुसला तर थांबवू नका, शेजारच्याने भाषांतर करावं. "मला पेलवत नाहीये" हे वाक्य इंग्रजीत म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. इंग्रजीत तो "बँडविड्थ नाही" म्हणतो.

१२. आमच्या गटात बायका टिकत नाहीत. काय चुकतंय?

आमचं काय चुकलं ते सांगतो. आम्ही आधी शुक्रवारी रात्री नऊला एका ब्रूअरीत भेटायचो. दोन प्रोड्युसर एकेकदा आल्या, पुन्हा आल्या नाहीत, आणि आम्ही "त्यांना वेळ नसेल" असं स्वतःला समजावलं. शेवटी एकीला विचारलं. तिने चार गोष्टी सांगितल्या: वेळ, जागा, परतीचा प्रवास, आणि नोंदी काढायचं काम न विचारता तिच्याकडे आलं. चौथी गोष्ट ऐकून आम्ही खाली बघितलं. आता नोंदी काढण्याचीही पाळी असते, आणि दुपारी चारची वेळ बदलायला कुणी तयार नाही.

वागणुकीबद्दलची तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्या दिवशीच ठरवा: दोन नावं, त्यातलं एक बाईचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुमच्या अनौपचारिक टेबलाला तसाच्या तसा लागू पडेल का, या वादात न शिरता. प्रकार एकाच स्टुडिओच्या दोघांमधला असेल तर तिथल्या अंतर्गत समितीचा रस्ता तिच्यासाठी खुला आहेच. तो तिने निवडायचा, आपण नाही.

१३. पगाराबद्दल बोलावं का? आणि "एकमेकांची माणसं पळवायची नाहीत" असं ठरवावं का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वतःचा पगार एखाद्याने स्वतःहून सांगितला, तर ती त्याची मर्जी. पण टीम लीडच्या खुर्चीत बसून "आम्ही या पदाला इतके देतो, तुम्ही किती देता?" अशी देवाणघेवाण सुरू झाली की प्रकरण बदलतं. तुम्ही स्पर्धक कंपन्यांची माणसं आहात.

माणसं न पळवण्याचा समझोता तर अजिबात नको, चहावरचासुद्धा नको. हेतू भाबडा असतो, हे मान्य. पण स्पर्धा कायदा, २००२ स्पर्धकांमधल्या स्पर्धा मारणाऱ्या समझोत्यांना मनाई करतो आणि समझोता लेखी असायची गरज नसते. शिवाय त्यात नुकसान होतं ते टेबलावर नसलेल्या ज्युनियर मुलाचं.

जोडप्रश्न येतो: "माझ्या करारात लिहिलंय, सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या गेम कंपनीत जायचं नाही." भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. दोन्हींची गल्लत करू नका, आणि सही केलेला कागद एकदा वकिलाला दाखवा.

१४. क्रेडिट्समधून नाव गाळलं गेलं. गट काही करू शकतो का?

करू शकतो, कारण बहुतेक ठिकाणी ती यादी प्रोड्युसरच बनवतो! म्हणजे गुन्हेगार आणि न्यायाधीश दोघंही टेबलावरच आहेत.

रिलीजच्या आधी सोडून गेलेल्यांची नावं उडतात. बाहेरून काम करणाऱ्या स्टुडिओचं फक्त कंपनीचं नाव येतं, तीस माणसांचं काम एका ओळीत जातं. एखाद्या मुलाने दीड वर्ष एका मोठ्या गेमची झाडं, दगड, दारं बनवलेली असतात आणि आईला दाखवायला पडद्यावर नाव नसतं. आयजीडीएने, म्हणजे १९९४ मध्ये सुरू झालेल्या गेम डेव्हलपर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, क्रेडिट कसं द्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, पण ती पाळणं ऐच्छिक आहे.

आमच्यातल्यांनी आपापल्या यादीपुरतं एक ठरवलं: नावांची फाइल प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात उघडायची आणि कुणी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव, पद आणि त्याला हवं तसं स्पेलिंग त्यात टाकायचं. रिलीजच्या आदल्या आठवड्यात आठवून लिहायचं म्हटलं की माणसं राहतातच. पब्लिशर नाही म्हणाला तर नाही. पण यादी तयार असेल तर मागता तरी येतं, आणि काही वेळा मिळालंही आहे.

१५. क्रंचबद्दल, म्हणजे रिलीजआधी टीमला जादा तास राबवण्याबद्दल, गटाची भूमिका काय असावी?

भूमिका-बिमिका नको. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने, एरिन हॉफमन यांनी, टोपणनावाने उघड पत्र लिहिलं आणि अख्ख्या उद्योगाला हा शब्द तोंडावर ऐकावा लागला. ओव्हरटाइमचे खटले झाले, कंपनीने तडजोडीत कोट्यवधी डॉलर मोजले. त्यानंतर भूमिका सगळ्यांनीच घेतल्या आहेत.

टेबलावर उपयोगाचं असतं ते बारीक हिशेबाचं: शनिवारी बोलावलंस तर सोमवारी किती बग नव्याने आले? आमच्यातल्या एकाने दोन महिने हे मोजलं आणि तो तक्ता आपल्या स्टुडिओत वर दाखवला. त्याला मिळालेलं उत्तर छापण्यासारखं नव्हतं, पण पुढचे शनिवार मिळाले.

१६. कुणाची नोकरी गेली तर?

२०२३ पासून जगभर या धंद्यात कपातीच्या लाटा आल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, आणि त्या कंपन्यांतले अनेक प्रोड्युसर एका महिन्यात रस्त्यावर आले.

आमची पद्धत: एकाच माणसाने फोन करायचा. बाराजणांचे "काही लागलं तर सांग" हे बारा वेळा "मी ठीक आहे" म्हणायला लावतात. पहिल्या आठवड्यात सल्ला नाही. फक्त रिलीव्हिंग लेटर, पीएफ, आरोग्य विमा कधी संपतो आणि क्रेडिटमध्ये नाव (प्रश्न १४) एवढं आठवण करून द्यायचं. त्या माणसाची जागा टेबलावर कायम राहते. पद गेलं म्हणजे लीड नाही, असा नियम कुठल्याही गटाने करू नये.

१७. पैसे लावायच्या गेममधून आलेल्यांना घ्यावं का? आमच्यात काहींचा विरोध आहे.

आमच्यातही होता. मी विरोधातच होतो, हे कबूल करतो. मग त्यांच्यातली एक जण आली आणि लाइव्ह गेम चोवीस तास चालू असताना टीमच्या पाळ्या कशा लावायच्या, यावर जे बोलली ते आम्हा डबाबंद, म्हणजे एकदा बनवून विकायच्या, गेमवाल्यांना कुणीच शिकवलं नव्हतं. घ्या.

१८. स्टुडिओ प्रायोजक व्हायला तयार आहे. घ्यावं का?

चहाला किती लागतात? आम्ही डोक्याला दोनशे रुपये काढतो आणि दर वेळी थोडे उरतात. प्रायोजक आला की त्याचा माणूस येतो, मग त्याचा स्टँडी येतो, मग "दोन मिनिटं बोलू का" येतं. विद्यार्थ्यांच्या दुपारीसाठी (प्रश्न ४) जरूर घ्या. मासिक टेबलासाठी नाही.

१९. नोंदणी करावी का? आयजीडीएचं चॅप्टर (स्थानिक शाखा) व्हावं का?

जोवर बँक खात्याची गरज नाही तोवर नोंदणीचीही नाही. गरज पडलीच तर दोन रस्ते जास्त वापरले जातात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी काढायची, तर किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद करावी लागते. दुसरा, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. दोन्हींत दर वर्षी हिशेब आणि कागद. ते करणारा उत्साही माणूस तुमच्याकडे असेल तर आधी विचार करा, की त्याचा उत्साह यात खर्च करायचाय का.

चॅप्टरचा फायदा म्हणजे ओळख आणि बाहेरच्या जगाशी दुवा. पण तो सगळ्या डेव्हलपर्ससाठी खुला असतो, असायलाच हवा. बंद दाराचं टेबल त्यात मावत नाही. दोन्ही ठेवा, एकात एक कोंबू नका.

२०. आमच्या शहरात एकच स्टुडिओ आहे. गट कसा होणार?

नागपूर, कोल्हापूर, गोव्याहून हे विचारलं जातं. शेजारच्या धंद्यात बघा: अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, अ‍ॅप बनवणाऱ्या टीमचे लीड. तारखेचं दुखणं सगळीकडे सारखं. ते शक्य नसेल तर चार शहरांतले चार जण धरून व्हिडिओ कॉल करा, कॅमेरा सुरू, रेकॉर्डिंग बंद. वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष भेटा. आयजीडीसीच्या आदल्या दिवशी ती भरते त्या शहरात भेटणं सोपं पडतं, तिकीट अनेकदा कंपनी काढतेच.

२१. टेबलावरचं बाहेर फुटलं तर?

एकदा फुटलं. एका स्टुडिओतल्या मतभेदाची गोष्ट दहा दिवसांत दुसऱ्या स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये पोचली. कुणी केलं ते शोधायला आम्ही बसलो नाही. शोधायला लागलो असतो तर संशय सगळ्यांवर बसला असता. ज्याची गोष्ट होती त्याला बोलावून विचारलं, तुला काय हवंय. तो म्हणाला, पुढच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर सांगा, माझ्या नावानिशी. सांगितलं. नंतरचे तीन महिने भिशीचे प्रश्न फार सौम्य होते. एक माणूस यायचा बंद झाला. त्यानेच केलं असेल असं नाही, पण त्याची चिठ्ठी आम्ही अजून डब्यातून काढलेली नाही.

२२. डबाच का? मोबाइलवर रँडम नाव काढता येतं की.

येतं. करून पाहिलं. सलग दोन वेळा एकाचंच नाव आलं, तर त्याने प्रोग्रॅमरवर बायस असल्याचा आरोप केला, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं आम्ही रँडम नंबर कसा काढतात यावर भांडलो. डबा परत आणला.